'साबर बोंडं' पाहताना कंटाळा आला, म्हणजे मला सिनेमा कळत नाही का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात नोकरी करता, सिनेमाची आवड आहे. परदेशात गाजलेले आपल्याकडचे चित्रपट पाहायचे असं ठरवून गेल्या काही महिन्यांत चार पाहिलेत. 'स्थळ' खूप आवडला. 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' मुंबईत घडतो तोवर आवडला, कोकणात गेल्यावर हातातून निसटला. 'साबर बोंडं' थिएटरात रात्रीच्या शोला पाहिलात, कंटाळा आला, मध्येच मोबाइल काढून बघितलात. 'द डिसायपल' लॅपटॉपवर लावलात आणि अर्ध्यात बंद केलात. त्यावर मित्रांनी "तुला सिनेमा कळत नाही" असं ऐकवलं. आता तुम्ही विचारताय की संथ चित्रपट आवडायला वेगळी समज लागते का, आणि लागत असेल तर ती आणायची कशी.

मी पुण्यात बरीच वर्षं एका छोट्या फिल्म क्लबसाठी चित्रपट निवडतो आणि खेळ संपल्यावरची चर्चा चालवतो. तुमच्यासारखा प्रश्न तिथे सारखा येतो, बहुतेक वेळा दबक्या आवाजात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मित्रांचं ते वाक्य आधी बाजूला ठेवा. तुम्हाला कंटाळा आला ही घडलेली गोष्ट आहे आणि ती कुणी खोडून काढू शकत नाही. पुरस्कारही नाही. 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ते त्या महोत्सवातल्या परीक्षकांना काय वाटलं ते सांगतं. ऑफिसातून दमून थिएटरात येऊन बसलेल्या माणसाला काय वाटायला हवं, हे त्यातून ठरत नाही. पण "मला कंटाळा आला" इथून "चित्रपट संथ आहे" आणि तिथून "मला संथ चित्रपट झेपत नाहीत" अशा ज्या दोन उड्या तुम्ही मारल्यात, त्या मला पटत नाहीत. कारण तुमच्याच यादीत त्याचा उलटा पुरावा आहे.

'स्थळ' पाहा. जयंत दिगंबर सोमलकरांचा हा चित्रपट २०२३ च्या टोरांटो महोत्सवात नेटपॅक (आशियाई चित्रपटांसाठीचा) पुरस्कार मिळवून आला आणि मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे थिएटरात लागला. चंद्रपूरकडच्या एका खेड्यातली सविता, कापूस पिकवणारे वडील, आणि मुलगी बघायला येणारी मंडळी. पाहुणे येतात, हातपाय धुतात, ओळीनं बसतात, पोहे येतात, मुलीला समोर बसवतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवडीनिवडी काय. मग पुढच्या पाहुण्यांसमोर परत तेच प्रश्न, तशीच बैठक. निव्वळ वेगानं मोजायचं तर ह्या चित्रपटाइतकं 'तेच ते' चौघांपैकी कुणातच नाही. तरी तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसून पाहिलात असं लिहिलंय.

कारण काय? पहिलं कारण अगदी सुरुवातीचं दृश्य. तिथे सगळं उलटं आहे: बायका बसल्यात आणि मुलाला प्रश्न विचारले जातायत. ते स्वप्न आहे हे कळतं, आणि त्या एका प्रसंगानं दिग्दर्शक तुमच्या हातात मापपट्टी देतो. पुढे प्रत्येक वेळी सविता समोर येऊन बसली की ते उलटं चित्र मनात जागं होतं. दुसरं म्हणजे, प्रत्येक बैठकीला एक सरळ प्रश्न चिकटलेला आहे: ह्या वेळी होकार येणार का? उत्तर बहुतेक माहीत असतं, तरी आपण थांबतो. आणि त्या थांबण्याच्या काळात तपशील दिसायला लागतात. बघायला आलेल्यांपैकी कोण तिच्याकडे पाहतच नाही, आई दाराआडून काय ऐकते, पुन्हा तीच साडी, वडिलांचा प्रत्येक वेळी थोडा आणखी वाकलेला खांदा. बरेचसे कलाकार व्यावसायिक नट नाहीत, बोली तिथलीच आहे, त्यामुळे ह्या तपशिलांना बनावटपणाचा वास येत नाही. माझ्या मते अलीकडच्या मराठी चित्रपटांत पुनरावृत्ती इतक्या जाणीवपूर्वक क्वचितच कुणी वापरली असेल. सवितेच्या समाजशास्त्राच्या अभ्यासाचा धागा मला मात्र थोडा जास्त सोयीचा वाटला. वर्गात स्त्रीमुक्तीवर बोलणं आणि घरी त्याच्या उलट वागणं हे एकदा पोचलं होतं, परत परत दाखवायची गरज नव्हती.

तर मुद्दा असा की संथपणा तुम्हाला चालतो. आपण कशाची वाट पाहतोय ते माहीत असलं की चालतो. सवाई गंधर्व महोत्सवाला पहिल्यांदा आलेल्या माणसाला विलंबित ख्यालात काहीच घडत नाही असं वाटतं, आणि शेजारी बसलेले आजोबा त्याच वेळी समेची, म्हणजे तालाचं आवर्तन जिथे परत सुरू होतं त्या मात्रेची, वाट बघत मान डोलावत असतात. दोघांच्या कानात तोच आवाज आहे. एकाला सम कुठे येणार ते ठाऊक आहे, एवढाच फरक.

आता 'साबर बोंडं'कडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. रोहन कानवडे यांच्या ह्या चित्रपटात 'होकार येणार का'सारखा वरवर दिसणारा प्रश्न नाही. आनंद मुंबईत काम करतो, वडील गेलेत, आईबरोबर गावी येऊन दहा दिवस सुतक पाळायचंय. बाहेरून पाहिलं तर घडतं ते एवढंच: विधी, पाहुणे, जेवणं, शेतात बाल्या ह्या लहानपणीच्या मित्राबरोबर घालवलेला वेळ. तुम्ही "पुढे काय होणार" ह्याची वाट पाहत बसलात, आणि चित्रपटाला ते सांगण्यात रस नव्हता. त्याचा रस "आता, ह्या घरात, कोणाला काय माहीत आहे" ह्यात आहे. आनंदला पुरुष आवडतात हे आईला माहीत आहे. वडिलांनाही माहीत होतं. नातेवाइकांना नाही. त्यामुळे "लग्न कधी करतोस?" हा मराठी घरातला सर्वांत साधा प्रश्न आला की खोलीतल्या प्रत्येक माणसाचा चेहरा वेगळ्या कारणानं पाहण्यासारखा होतो. आई आणि मुलाकडे लोकांना द्यायचं एक उत्तर तयार आहे. ते उत्तर देताना आईचा आवाज कसा लागतो ते ऐका. कॅमेरा हलत नाही, पार्श्वसंगीत नाही, कुणाचा चेहरा जवळून दाखवून "इकडे बघा" असं सांगितलं जात नाही. कुठे पाहायचं ते आपलं आपण शोधायचं.

आपल्यासारख्या प्रेक्षकाला इथे एक फायदा आहे आणि एक तोटाही. फायदा हा की सुतकाचे नियम, चुलत्यांचा दरारा, शोक करायला आलेल्या बायकांचं बोलणं ह्यातलं काहीही आपल्याला समजावून घ्यावं लागत नाही, आणि वाक्यामागचा टोमणा थेट कानावर पडतो. सनडान्सच्या प्रेक्षकाला तो भाषांतरातून अर्धाच मिळाला असेल. तोटा असा की हे सगळं इतकं ओळखीचं आहे की आपण बघणंच सोडून देतो. दहाव्याला काय काय होतं हे माहीत असल्यामुळे मन पुढे पळतं. तुमचा मोबाइल बहुधा त्याच क्षणी खिशातून बाहेर आला.

आणि तरी तुम्ही तुमच्या प्रश्नात स्वतःहून लिहिलंय की बाल्या काटे काढून साफ केलेली साबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, आनंदला देतो ते दृश्य लक्षात राहिलं. 'कळला नाही' म्हणणाऱ्या माणसाला नेमकं तेच दृश्य कसं आठवलं? त्या चित्रपटात दोन माणसांनी एकमेकांशी कसं वागावं ह्याबद्दल जे म्हणायचंय ते तिथेच तर आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला हा चित्रपट फार जवळचा वाटला. पुरुषांमधली हळुवार जवळीक आपल्या पडद्यावर जवळपास नसतेच, आणि इथे ती शेळ्या, शेत आणि दुपारचं ऊन ह्यांच्यामध्ये कसलाही गाजावाजा न करता आली आहे. मधल्या भागात दोन-तीन ठिकाणी कॅमेरा गरजेपेक्षा जास्त थांबतो असं मलाही वाटलं, ते सांगायला मला संकोच नाही.

कॅमेरा गरजेपुरता थांबला की उगाच थांबला हे कसं ओळखायचं, हा तुमच्या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग आहे आणि इथे नियम सांगता येत नाही. मी स्वतः काय करतो ते सांगतो. सांगण्याजोगं सांगून झाल्यावरही दृश्य चालू राहिलं, तर मी स्वतःला विचारतो की त्या जास्तीच्या वेळात माझ्या मनात काही बदललं का. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये सुट्टीआधीचं कामकाज संपतं, लोक निघून जातात, कोर्टाच्या खोलीतले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो आणि तसाच राहतो. थिएटरात लोक उठायला लागतात. चित्रपट संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी काढताना. तो अंधार दोन सेकंदांचा असता तर ती नुसती एक जोडणी झाली असती. इतका वेळ टिकल्यामुळे एका माणसाचं आयुष्य खटल्यात अडकलेलं असताना व्यवस्था किती सहज दिवे बंद करून घरी जाते, ते अंगावर येतं. तिथे थांबण्याचं मोल मला दिसतं. उलट काही महोत्सवी चित्रपटांत माणूस खिडकीबाहेर बघतोय, आपण त्याच्याकडे बघतोय, आणि मिनिटभरानं दोघेही होतो तिथेच असतो. तिथे माझा कंटाळा मी चित्रपटाच्या नावावर लिहितो.

ढिलाई फक्त संथ चित्रपटांतच असते असंही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये 'साबर बोंडं'च्याच सुमारास 'दशावतार' लागला होता. दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या ऐंशीनंतर ज्या ताकदीनं ती भूमिका केलीय, ती बघायला मी लोकांना आग्रहानं पाठवलं. दशावतारी नटाचं रंगवलेलं तोंड, थकत चाललेलं शरीर, कलेवरचा जीव, हे सगळं फार भरीव आहे. पण उत्तरार्धात जे डोळ्यांनी दिसतंय तेच संवादांतून पुन्हा सांगितलं जातं. घटना भराभर घडतात, संगीत जोरात आहे, त्यामुळे कुणी त्याला संथ म्हणत नाही. मला मात्र तिथे चित्रपट रेंगाळल्यासारखा वाटला, कारण नवीन काही हाती येत नव्हतं. वेग आणि रेंगाळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ह्या दोन चित्रपटांची जोडी लावली की चटकन दिसतं.

'द डिसायपल'बद्दल मात्र तुम्हाला थोडं रागावणार आहे. लॅपटॉपच्या स्पीकरवर तानपुरा ऐकूच येत नाही हो! हा चित्रपट गाणं शिकणाऱ्या शरद नेरुळकरचा आहे. त्याचं गाणं 'जवळजवळ' बरोबर आहे आणि त्या 'जवळजवळ'मध्येच त्याचं सगळं दुःख आहे. तानपुऱ्याच्या आसेवर त्याचा स्वर कुठे बसतो आणि कुठे निसटतो हे कानाला कळलं नाही तर पडद्यावर फक्त एक तरुण वर्षानुवर्षं गाताना दिसतो, आणि मग तुम्ही बंद करणार हे उघडच आहे. तुम्हाला शास्त्रीय संगीताचा कान आहे की नाही ह्यावरही बरंच अवलंबून आहे, हे मान्य. पण नसला तरी अडत नाही. मैफलीतल्या श्रोत्यांचे आणि गुरूचे चेहरे पाहत राहा, ते सगळं सांगतात.

शिवाय रात्री मोकळ्या रस्त्यावरून शरद मोटरसायकलवरून जातोय आणि कानात माईंच्या, म्हणजे त्याच्या गुरूंच्याही गुरूंच्या, व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण चालू आहे, ही दृश्यं परत परत येतात. तो माईंचा आवाज आपल्या पुण्याच्या सुमित्रा भावे यांचा आहे. शांत, ठाम, तडजोड न मानणारा. प्रत्येक वेळी रस्ता तसाच, आवाज तोच, आणि शरद मात्र थोडा वेगळा. 'स्थळ'मध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या बैठकीत तुम्ही जे पकडलंत तेच इथे पकडायचंय. व्हेनिसला २०२० मध्ये ह्या चित्रपटाला पटकथेचा पुरस्कार मिळाला तो मला अगदी योग्य वाटतो, कारण प्रसंग कुठल्या क्रमानं ठेवलेत ह्यातच त्याची ताकद आहे. तुम्ही बंद केलंत त्याच्या पुढे जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्या एका माणसाबरोबरचा प्रसंग आहे. काय होतं ते सांगत नाही. चौघांत माझा सर्वांत आवडता हाच.

'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'बद्दल थोडक्यात. पायल कपाडिया आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेल्या आणि २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार घेऊन आल्या, ह्याचा मला मनापासून आनंद आहे. परदेशातल्या नवऱ्याकडून आलेला तो लाल राइस कुकर प्रभा ही नर्स रात्री स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पोटाशी धरते, ते दृश्य तुम्ही विसरणार नाही. कोकणात गेल्यावर चित्रपट सुटला म्हणालात. बऱ्याच जणांचं तसं होतं, आणि त्याचं कारण मला समजतं: मुंबईत आपण खऱ्याखुऱ्या अडचणी पाहत असतो, आणि समुद्रकाठी येऊन चित्रपट अचानक स्वप्नाच्या बाजूला झुकतो. मला तो झोका आवडला. बिल्डरच्या फलकावर दगड मारण्याचा प्रसंग मात्र मला फार नीटनेटका वाटला. छाया कदम यांनी बिल्डरमुळे घर गमावणारी पार्वती आधीच इतकी पक्की उभी केली होती की त्या दगडाची गरज नव्हती. इथे तुमचं आणि माझं जमलं नाही तरी हरकत नाही. हा तुमच्या समजुतीचा प्रश्नच नाही.

आतापर्यंतचं एकत्र करतो: तुमच्या कंटाळ्याची तीन वेगवेगळी कारणं होती. एका ठिकाणी कशाची वाट पाहायची ते सापडलं नाही, एका ठिकाणी आवाजच पोचला नाही, आणि एका ठिकाणी चित्रपटानं सूर बदलला तो तुम्हाला रुचला नाही. तिघांना 'संथ' हे एकच नाव दिल्यामुळे गोंधळ झाला.

करायचं काय? आमच्या क्लबात खेळानंतर पहिल्या फेरीला एक पद्धत आहे. 'आवडला', 'नाही आवडला' असं कुणी म्हणायचं नाही. प्रत्येकानं फक्त डोळ्यांसमोर राहिलेलं एक दृश्य सांगायचं, शक्य तितक्या बारकाव्यानं: कोण कुठे होतं, उजेड कुठून होता, काय ऐकू येत होतं. मग दुसऱ्या फेरीत मतं. नापसंती ठासून मांडायला आलेला माणूस पहिल्या फेरीतच इतकं काही पाहिलेलं सांगतो की त्याचं त्यालाच नवल वाटतं. कधी ह्याच्या उलट होतं. 'अप्रतिम' म्हणणाऱ्याला एकही दृश्य धड सांगता येत नाही, आणि त्यानं परीक्षणं वाचून मत बनवलंय हे लक्षात येतं. तुम्ही हे एकट्यानंही करू शकता. चित्रपट पाहून आल्यावर, दुसऱ्या कुणाचं काही वाचायच्या आधी, एका दृश्याबद्दल चार-पाच ओळी लिहून ठेवा. मित्रांशी वाद घालताना त्या दृश्यापासून सुरुवात करा. "कळलं नाही" ह्या वाक्याला उत्तर नसतं, पण "ह्या दृश्यात आई आनंदकडे का बघत नाही?" ह्याला दोघांनाही उत्तर शोधावं लागतं.

परिस्थितीचा भागही सोडू नका. दमलेल्या दिवशी रात्रीच्या शोला पार्श्वसंगीत नसलेला चित्रपट निवडणं म्हणजे स्वतःवर आणि चित्रपटावर अन्याय. असे चित्रपट शनिवारी-रविवारी सकाळी पाहावेत. जानेवारीच्या सुमारास 'पिफ' (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असतं, तेव्हा नवे लोक एका दिवसात चार-चार चित्रपट लावून घेतात आणि संध्याकाळच्या चित्रपटाला 'बोअर' म्हणून बाहेर येतात. दिवसाला दोन पुरे, मध्ये चहा आणि गप्पांना वेळ ठेवून. गोडी लागली आणि सुट्टी काढता आली तर फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचा फिल्म ॲप्रिसिएशनचा अभ्यासक्रम पुण्यातच होत आलाय. त्याची चौकशी करा. एकच दृश्य थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहण्याची सवय तिथे लागते आणि ती कायमची राहते.

सुरुवात 'द डिसायपल'पासून करा, बंद केलात तिथून नव्हे, पहिल्यापासून. चांगले हेडफोन लावा, खोलीतला दिवा मालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिल्या मैफलीत गुरू गात असताना शरद मागे तानपुरा घेऊन बसलाय, त्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवा. तरीही नाही आवडला तर इथे येऊन सांगा, कुठल्या दृश्यात मन उडालं तेवढं लिहा, त्यावर पुढे बोलू.